बँकॉक, आपले आपण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

टूर कंपनीशिवाय बँकॉकला निघालेल्या वाचकांच्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. एकट्याने फिरायला हे शहर अवघड नाही. गाड्या आणि बोटी सतत चालू असतात, पाट्यांवर थाईखाली इंग्रजी असते, रस्त्यांवर उशिरापर्यंत वर्दळ असते. लोक अडतात ते ठरावीक जागी : विमानतळावरचा पहिला तास, एटीएमचा पडदा, राजवाड्याच्या भिंतीलगतचा रस्ता आणि जेवणाची थाळी. म्हणून उत्तरांतही याच जागांवर जास्त वेळ घेतला आहे. एक बाट साधारण अडीच ते तीन रुपयांचा धरावा. दिलेल्या रकमा अंदाजासाठी आहेत. तिकिटांचे दर मधूनमधून वाढतात.

प्रश्न : मी ६१ वर्षांची निवृत्त शिक्षिका, पहिल्यांदाच एकटी परदेशी जाते आहे. मुंबईहून रात्रीचे विमान आहे, सकाळी सुवर्णभूमी विमानतळावर उतरेन. तिथपासून हॉटेलच्या दारापर्यंत काय काय करायचे, क्रमाने सांगाल का? – नाशिक

बाई, सुरुवात घरूनच करा. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल आगमनपत्र भरावे लागते. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही. खऱ्या पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गो डॉट टीएच’ असते. आपल्याकडच्या पासपोर्टांवर नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच ओळीत छापलेले असते, आडनाव वेगळ्या ओळीत. अर्जात ते जसेच्या तसे उतरवा, सवयीने आडनाव आधी किंवा मधले नाव गाळून लिहू नका. फॉर्म भरल्यावर जो क्यूआर कोड येतो त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक छापील प्रतही घ्या. भारतीयांसाठी जुलै २०२४ मध्ये ६० दिवसांची व्हिसा-सूट लागू झाली. पण हे नियम बदलत राहतात. तिकीट काढायच्या आधी थाई वकिलातीचे संकेतस्थळ उघडून त्या दिवशीचा नियम वाचाच.

इमिग्रेशनच्या खिडकीशी पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण हाताशी असू द्या. क्वचित खर्चाचे पैसे दाखवायला सांगतात, त्यामुळे थोडी रोकड जवळ असलेली बरी. घड्याळ दीड तास पुढे करा.

सामान घेऊन बाहेर आलात की तुम्ही दुसऱ्या मजल्यावर असता. इथे ‘टॅक्सी, मॅडम?’ म्हणत येणाऱ्यांशी बोलायला थांबू नका. सरकारी मीटर टॅक्सी खाली, पहिल्या मजल्यावर मिळते. तिथल्या यंत्राचे बटण दाबले की एक चिठ्ठी येते. तिच्यावर मार्गिकेचा क्रमांक आणि गाडीची माहिती असते. ही चिठ्ठी चालकाला देऊ नका. काही विसरले किंवा तक्रार करायची झाली तर गाडीचा माग तिच्यावरूनच लागतो. मीटर ३५ बाटपासून सुरू होतो, त्यावर विमानतळाचे ५० बाट आणि द्रुतगती मार्गाने गेलात तर टोल. टोल प्रवाशाने नाक्यावर रोख द्यायचा असतो, म्हणून सुटे वरच्या खिशात हवेत. हॉटेलचा पत्ता थाई लिपीत मागवून घ्या. बऱ्याच चालकांना इंग्रजी पत्ता वाचता येत नाही आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

सामान एका चाकाच्या बॅगेपुरते असेल तर टॅक्सीपेक्षा रेल्वे बरी. ‘एअरपोर्ट रेल लिंक’ तळघराच्या मजल्यावरून सुटते, सकाळी साडेपाच ते मध्यरात्री. शेवटचे स्टेशन फया थाय, भाडे ४५ बाट, वेळ अर्ध्या तासापेक्षा थोडा कमी. फया थायला उन्नत रेल्वे मिळते, तिला सगळे ‘बीटीएस’ म्हणतात. भुयारी रेल्वे हवी असेल तर मक्कासानला उतरून फेचबुरी स्टेशनकडे चालत जा. हॉटेलची खोली बहुधा दुपारी दोनला मिळते, पण बॅग सकाळीच ठेवून घेतात.

प्रश्न : चार दिवसांसाठी राहायचे कुठे? खाओ सान रोडवर स्वस्त खोल्या दिसतात. – डोंबिवली

स्वस्त आहेत, पण तिथे रेल्वे नाही आणि रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो. बँकॉकमध्ये खोली निवडताना कोणता भाग याआधी एक गोष्ट पाहा : रेल्वे स्टेशन चालत ५०० मीटरच्या आत आहे का? तीस-पस्तीस अंशांच्या दमट हवेत एक किलोमीटर चालणे रोजचे दोनदा होते, आणि संध्याकाळी रस्ते इतके तुंबतात की टॅक्सीतून उतरून चालावेसे वाटते. मंदिरे आणि जुने शहर पाहायचे असेल तर भुयारी रेल्वेच्या साम योत किंवा सनाम चाय स्टेशनजवळ राहा. विमानतळाची सोय महत्त्वाची असेल तर फया थाय, नदी आवडत असेल तर सफान ताक्सिन.

सुखुमवित रस्त्यावर घेणार असाल तर गल्लीचा क्रमांक नीट बघा. गल्लीला तिथे ‘सोय’ म्हणतात. विषम क्रमांकाच्या सोय एका बाजूला, सम दुसऱ्या बाजूला, आणि समोरासमोरचे आकडे जुळत नाहीत. ५५ नंबरच्या समोर ३८ नंबर येतो. शिवाय एकेक सोय दोन-दोन किलोमीटर आत जाते, त्यामुळे ‘स्टेशनजवळ’ या जाहिरातीवर न जाता नकाशावर चालण्याचे अंतर मोजा.

प्रश्न : पैसे कसे न्यावेत? कार्डावर भागेल का? – पिंपरी-चिंचवड

मॉलमध्ये भागेल. बोटीवर, गाड्यांवरच्या खाण्याला, देवळाच्या खिडकीवर आणि टॅक्सीला रोखच लागते. दुकानांत दिसणारे क्यूआर कोड थाई बँकखात्यांसाठी असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. लहान दुकाने कार्डासाठी तीनशे-पाचशे बाटची किमान खरेदी मागतात.

भारतातून १०० डॉलरच्या कोऱ्या नोटा घेऊन जाणे सर्वांत किफायतशीर. १०० च्या नोटेला २० किंवा १० च्या नोटेपेक्षा चांगला दर देतात; दुमडून फाटलेली, शिक्का किंवा शाई लागलेली नोट परत करतात. विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळ आणि आगमनकक्षात बँकांचे काउंटर आहेत, तिथला दर कमी असतो. रेल्वेकडे जाताना तळघराच्या मजल्यावर खासगी काउंटरांची रांग लागते, तिथे तो बराच सुधारतो. टॅक्सीने जाणार असलात तरी आधी खाली उतरून पैसे बदला, मग पहिल्या मजल्यावर या. प्रत्येक वेळी मूळ पासपोर्ट लागतो. भारतीय रुपये जवळ ठेवायचे तर बाहेर नेण्याची मर्यादा २५,००० रुपये आहे.

एटीएमवर दोन सापळे आहेत. पहिला सरळ आहे : परदेशी कार्डावर थाई बँक प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून थोडे जास्त कापते, रक्कम कितीही असो. म्हणून हजार-हजार काढू नका, लागेल तेवढे एकदम काढा. दुसरा लक्षात येत नाही. शेवटी पडद्यावर विचारतात, रक्कम रुपयांत बदलून घ्यायची का? रुपयाचा आकडा बघून बरे वाटते आणि बोट ‘होय’वर जाते. तो दर यंत्रवाल्या बँकेचा असतो आणि नेहमीच महाग पडतो. ‘रूपांतर नको’ हेच दाबा. व्यवहार रद्द होत नाही, फक्त दर तुमच्या कार्डाच्या कंपनीचा लागतो. दुकानातल्या कार्डयंत्रावरही ‘रुपये की बाट’ विचारले तर बाट.

निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर आणि स्पर्शाने पैसे देण्याची सोय, दोन्ही चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डांवर त्या मुळात बंदच असतात. स्पर्शाची सोय भुयारी रेल्वेत फार उपयोगी पडते : व्हिसा किंवा मास्टरकार्ड फाटकाला टेकवायचे, उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचे. दोघांत एक कार्ड चालत नाही. बीटीएसला मात्र वेगळे तिकीट किंवा ‘रॅबिट’ नावाचे कार्ड लागते. ते काढताना पासपोर्टची नोंद करतात.

प्रश्न : आम्ही दोघे पूर्ण शाकाहारी, अंडेही नाही. सासूबाई सोबत आहेत, त्या कांदा-लसूणही खात नाहीत. चार दिवस बिस्किटांवर काढावे लागतील का? – सांगली

मुळीच नाही, पण ‘व्हेज’ या शब्दावर विसंबू नका. थाई स्वयंपाकात मांस नसलेल्या पदार्थातही मासळी असते, आणि विकणाऱ्याला ती मासळी वाटतच नाही. ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचे पाणी. मिठाऐवजी ते जवळजवळ सगळ्यात पडते. ‘कापि’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, तो लाल-हिरव्या करीच्या वाटणातच असतो. वरून भाजी आणि टोफू घातला तरी करी शाकाहारी होत नाही. पपईच्या ‘सोम ताम’ कोशिंबिरीत नाम प्ला आणि सुकट, ‘फाट थाय’ नूडल्समध्ये सुकट, नाम प्ला आणि अंडे. परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर, म्हणजे कालवांचा सॉस. नूडल्सच्या गाड्यावरचे पाणी हाडांचे.

यावर एक छान उपाय तिथल्या चिनी वंशाच्या बौद्धांनी करून ठेवला आहे. त्याला ‘जे’ म्हणतात. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडे, दूध नसते आणि कांदा-लसणासारख्या उग्र वासाच्या भाज्याही नसतात. म्हणजे सासूबाईंचा प्रश्न आपोआप सुटतो. (कंदमुळे चालतात, त्यामुळे जैन वाचकांनी बटाटा-गाजर वेगळे सांगावे.) ओळखायची खूण सोपी : पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे, आणि ती इंग्रजी सतरा आकड्यासारखी दिसतात. हीच अक्षरे सेव्हन-इलेव्हन दुकानांतल्या पावावर, सोयादुधावर, बिस्किटांवरही असतात. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव असतो. तेव्हा चायनाटाउन अशा पताकांनी भरून जाते. त्यासाठी वात मंगकोन स्टेशनला उतरा (‘वात’ म्हणजे बौद्ध देऊळ). एरवी ‘जे’ दुकाने सकाळी लवकर उघडतात आणि दुपारी दोन-तीनपर्यंत माल संपतो, म्हणून मुख्य जेवण तिथे दुपारी करा. ताटात मांसासारखा दिसणारा तुकडा आला तर दचकू नका, तो गव्हाच्या चिकाचा किंवा सोयाचा असतो.

दुसरा शब्द ‘मांग्सविरात’. हा आपला ‘मांसविरती’च. यात अंडे आणि दूध चालते, कांदा-लसूणही. तुम्हाला अंडे नको, म्हणून ‘जे’च म्हणा : ‘किन जे’, म्हणजे मी ‘जे’ जेवण खातो. सोबत दोन वाक्ये पाठ करा. ‘माय साय नाम प्ला’, नाम प्ला घालू नका. ‘माय साय खाय’, अंडे घालू नका. शेवटी बाईने ‘खा’, पुरुषाने ‘ख्राप’ म्हणायचे. ते आपल्या ‘हो का, बरं का’सारखे आदराचे शेपूट आहे. थाई भाषा सुरांची असल्यामुळे आपला उच्चार चुकतो. तीच वाक्ये थाई लिपीत मोबाइलवर ठेवा आणि दाखवा.

निर्धास्त खाण्यासारखे म्हणजे नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा (मार्च ते जून उत्तम), कापलेली फळे, उकडलेले मके, भाजलेली केळी. केळ्याची रोटी मागताना अंड्याचे वाक्य आधी म्हणा. त्यात बहुतेकदा अंडे फोडतात. मॉलच्या फूड कोर्टमध्ये बहुधा एक गाळा शाकाहारी असतो. तिथे आधी पैसे भरून कार्ड घ्यायचे, उरलेले त्याच दिवशी परत घ्यायचे. डाळ-भाताची फार आठवण आली तर साम योत स्टेशनवरून फाहुरात ही भारतीय वस्ती गाठा. तिथल्या सोनेरी घुमटाच्या गुरुद्वारात सकाळी लंगर असतो. डोके झाका आणि चपला बाहेर ठेवा. ज्यांना सामाईक कढईचेही वावडे आहे त्यांनी ‘जे’ आणि फाहुरात यांपलीकडे जाऊ नये. नळाचे पाणी कुठेच पिऊ नका.

प्रश्न : राजवाडा, वात फो आणि वात अरुण एका दिवसात होतील का? राजवाड्याबाहेर फसवतात असे ऐकले. – कोल्हापूर

होतील, क्रम बरोबर असला तर. फसवणुकीची रीत वर्षानुवर्षे तीच आहे, ती आधी समजून घ्या. भिंतीलगत चालताना नीटनेटका, गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस भेटतो. म्हणतो, ‘आज राजवाडा बंद आहे, पूजा चालू आहे, दुपारी उघडेल.’ तोवर दुसरी देवळे दाखवायला वीस-चाळीस बाटमध्ये टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, ठरवून देतो. टुकटुक एखादे देऊळ दाखवते आणि मग रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात नेते. चालकाला तिथे गिऱ्हाईक आणल्याचा मोबदला मिळतो, म्हणून भाडे इतके कमी. ‘आज करमुक्तीचा शेवटचा दिवस, भारतात दुप्पट भाव मिळेल’ असे सांगून हलकी रत्ने भारी किमतीला गळ्यात मारतात. राजवाडा राजघराण्याच्या समारंभासाठी क्वचित बंद असतो, पण ते तिकीटखिडकीवर लिहिलेले असते. खिडकीपर्यंत चालत जा, एवढेच करायचे. त्या माणसाशी वाद घालू नका, मान हलवा आणि पुढे व्हा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५.

आता क्रम. बीटीएसने सफान ताक्सिनला उतरा, खालीच साथोर्नचा धक्का आहे. नारिंगी झेंड्याची बोट घ्या : कुठेही उतरा, १६ बाट. निळ्या झेंड्याची पर्यटक बोट जास्त पैसे घेते आणि जाते त्याच नदीतून. धक्क्यावर टेबल टाकून बसलेले लोक निळीचेच तिकीट पुढे करतात. ‘ऑरेंज’ म्हणून विचारा. ‘था चांग’ धक्क्याला उतरलात की नाफ्रालान रस्त्यावरचे राजवाड्याचे दार पाच मिनिटांवर. सनाम चाय स्टेशनवरूनही येता येते, पण मग अख्खी भिंत उन्हातून चालावी लागते, आणि वर सांगितलेली मंडळी याच भिंतीशी उभी असतात.

सव्वाआठला दाराशी असा. साडेआठला उघडते, तिकिटे साडेतीनला बंद होतात, दर ५०० बाट. दहानंतर मोठ्या गटांच्या बस येतात आणि आत खांद्याला खांदा लागतो. कपड्यांचा नियम इथे सर्वांत कडक : खांदे झाकलेले, गुडघ्याखालपर्यंत कपडा, फाटक्या जीन्स नाहीत, अंगाला चिकटणाऱ्या लेगिंग नाहीत. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेतली तर चालत नाही. आपली सुती सलवार-कमीज, बाह्यांची, हा सगळ्यात सुटसुटीत वेश. पाचूच्या बुद्धाच्या गाभाऱ्यात फोटो घेता येत नाहीत. मूर्ती फक्त ६६ सेंटीमीटर उंचीची, उंचावर ठेवलेली. वर्षातून तीनदा, ऋतू बदलताना, राजा स्वतः तिचे वस्त्र बदलतो.

साडेअकराच्या सुमारास निघून महारात रस्त्याने दक्षिणेला पंधरा मिनिटे चाला, वात फो. तिकीट ३०० बाट. पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे. गर्दी डोक्याकडे होते, पण काम पाहण्यासारखे आहे ते पायाकडे. तळव्यांवर शिंपल्याच्या चकाकीत १०८ मंगलचिन्हे जडवली आहेत. मागच्या बाजूला १०८ कांस्यपात्रे आहेत. नाण्यांची वाटी घ्यायची आणि प्रत्येक पात्रात एक नाणे टाकत जायचे. याच आवारात थाई मालिशची प्रसिद्ध शाळा आहे, दुपारचे ऊन तिथे घालवा. मग समोरच्या था तियेन धक्क्यावरून पाच बाटची होडी तुम्हाला वात अरुणला सोडते. नाव ‘अरुण’ असले तरी चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेले शिखर बघायला मावळतीचा उजेड चांगला. पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहा. परतीला होडीने पलीकडे या आणि सनाम चायहून गाडी पकडा. नारिंगी बोटी संध्याकाळी लवकर थांबतात, त्यांच्यावर विसंबू नका.

प्रश्न : राजवाड्यात रामायणाची चित्रे आहेत म्हणे. गाइड न घेता समजतील का? – वाई

समजतील, सुरुवात कुठून करायची ते कळले पाहिजे. वात फ्रा केव, म्हणजे राजवाड्यातले पाचूच्या बुद्धाचे देऊळ, त्याच्या आवाराला आतून फिरणाऱ्या ओवरीच्या भिंतीवर १७८ चौकटी आहेत. बहुतेक लोक गर्दीबरोबर मधूनच शिरतात आणि कथा हाती लागत नाही. उत्तरेच्या दाराशी जा, जनकाला सीता सापडते ते चित्र शोधा, आणि तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे, भिंत डाव्या हाताला ठेवून चालत राहा. रंग लक्षात ठेवा : राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढरा. रावणाचे नाव ‘थोत्सकान’, म्हणजे दशकंठ. तोही हिरवाच, पण डोक्यांवर डोकी रचलेली.

ही कथा ‘रामकियन’, आणि ती आपल्याहून बरीच वेगळी आहे. सीता इथे रावणाचीच टाकून दिलेली मुलगी. हनुमान ब्रह्मचारी नाही. सेतूचे दगड चोरणाऱ्या सुवर्णमत्स्येवर त्याचे मन जडते. त्यांचा मुलगा मच्छानू पुढे पाताळाच्या दारावर बापालाच अडवतो. अहिरावण-महिरावणाची आणि मकरध्वजाची गोष्ट ज्यांनी आजीकडून ऐकली आहे त्यांना ही चौकट लगेच ओळखू येईल : हनुमानाने राक्षसाला चुकवण्यासाठी एवढे मोठे तोंड केले आहे की रामाचा तळ त्याच्या जबड्याआड आहे. ती चुकवू नका. पूर्ण फेरीला दीड तास धरा आणि ती सकाळीच करा, दुपारी ओवरीत विसावायला येणाऱ्यांमुळे भिंत दिसत नाही.

प्रश्न : मी बौद्ध आहे. तिथल्या विहारात वंदनेला बसता येईल का? बुद्धमूर्ती आणायची आहे, तिला परवानगी लागते का? – नागपूर

जरूर बसता येते, आणि शब्दही आपलेच : ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’. उच्चार थाई वळणाचे असल्यामुळे पहिली दोन मिनिटे ओळखू येत नाही, मग कान बसतो. पर्यटकांची गर्दी नसलेली जागा हवी तर साओ चिंग चा या उंच लाल झोपाळ्याच्या चौकटीसमोरचे वात सुथात चांगले. साम योतहून दहा-बारा मिनिटे चालत. विपश्यनेसाठी सनाम लुआंगजवळच्या वात महाथातमध्ये केंद्र आहे. बसताना पाय मागे दुमडा, तळवे मूर्तीकडे नकोत. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. काही द्यायचे तर ते अंथरलेल्या कापडावर ठेवावे. बोटीत आणि गाडीत भिक्खूंसाठी राखीव जागा असतात, त्या मोकळ्या दिसल्या तरी सोडाव्यात.

शक्य असेल तर माघ, वैशाख किंवा आषाढ पौर्णिमेच्या सुमारास जा. माखा बुचा, विसाखा बुचा आणि आसाळ्हा बुचा हे तेच सण. संध्याकाळी हातात कमळ, उदबत्ती आणि मेणबत्ती घेऊन लोक विहाराला तीन प्रदक्षिणा घालतात, तुम्हीही त्यांत चालू शकता.

मूर्तीचे मात्र नियमाने करा. बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो, नवीन मूर्तीलाही. अंगावर घालायचे छोटे ताईत सहसा अडवत नाहीत. परवान्याला काही दिवस लागतात, म्हणून खरेदी पहिल्याच दिवशी आणि परवान्याची कागदपत्रे करून देणाऱ्या दुकानातूनच. शेवटच्या दिवशी घेतलेली मूर्ती विमानतळावर ठेवून यावी लागली तर वाईट वाटते.

प्रश्न : मी मुलगी, एकटी जाणार. रात्री फिरणे कितपत सुरक्षित? – पणजी

मुख्य रस्ते आणि स्टेशनांचा परिसर अकरापर्यंत गजबजलेला असतो. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास. त्यानंतर ॲपवरची टॅक्सी घ्या, रस्त्यावरची टुकटुक नको. नारिंगी जॅकेटवाल्या मोटारसायकल-टॅक्सी गल्लीच्या तोंडापासून आतपर्यंत सोयीच्या आहेत, पण हेल्मेट मागून घ्या आणि प्रवासविम्यात दुचाकी धरली आहे का ते आधी वाचा. ई-सिगारेट सोबत असू नये, तिथे ती बेकायदा आहे. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर, उद्यानात राष्ट्रगीत वाजते. सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. राजघराण्याबद्दल थट्टेनेही बोलू नये, कायदा कडक आहे. रुग्णवाहिकेसाठी १६६९.

प्रश्न : एक दिवस अयुथ्थयाला जायचे आहे. बस, रेल्वे की टॅक्सी? – लातूर

रेल्वे. तिसऱ्या वर्गाचे तिकीट २० बाटच्या आसपास, आरक्षण नाही, पंखे आणि उघड्या खिडक्या, दीड ते दोन तास. फक्त स्टेशन नीट विचारा. जानेवारी २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवात या नव्या स्टेशनवरून सुटतात. जुन्या हुआ लाम्फोंगवर साध्या गाड्या उरल्या आहेत. दोन्हीकडे भुयारी रेल्वे जाते. जुन्या माहितीवर चुकीच्या स्टेशनवर गेलात तर सकाळची थंड वेळ जाते. अयुथ्थयाला उतरून समोरच्या गल्लीने नदीवर जा, होडीने पलीकडे, तिथे सायकली भाड्याने मिळतात. रस्ते सपाट आहेत. १७६७ मध्ये बर्मी सैन्याने ही तेव्हाची राजधानी जाळली, त्यामुळे मूर्तींची धडे आहेत, डोकी नाहीत. इथल्या वात महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेले बुद्धमुख आहे. फोटो काढताना खाली बसायचे, आपले डोके त्याच्या वर न्यायचे नाही. दुपारी एकपर्यंत उरका, सावली फार कमी आहे. मोठे पाणी आणि टोपी न्या.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? – रत्नागिरी

नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेकडे शेतातले पाचट जाळल्यामुळे हवा धुरकट होते, दमेकऱ्यांनी टाळावे. एप्रिल सर्वांत तापलेला, पण १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे एकमेकांवर पाणी उडवून साजरा होणारा थाई नववर्षाचा सण असतो. तेव्हा रस्त्यावर कोरडे राहता येत नाही, पासपोर्ट आणि फोन जलरोधक पिशवीत ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस तुम्हाला नवा नाही, मात्र बँकॉक सखल आहे, तासाभराच्या सरीत गल्ल्या तुंबतात.

प्रश्न : परतीचे विमान रात्री साडेअकराचे, हॉटेल दुपारी बाराला सोडायचे. मधला वेळ आणि सामान? – ठाणे

बॅग हॉटेलात ठेवा, बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. संध्याकाळी पाच ते आठ टॅक्सीने निघू नका, शुक्रवारी तर नाहीच. सातच्या सुमारास फया थायहून रेल लिंक पकडली की साडेसातला विमानतळावर. टॅक्सीच घेणार असाल तर ‘सुवन्नफूम’ म्हणा, ‘सुवर्णभूमी’ चालकाला कळत नाही. आपले विमान डॉन मुआंगहून नाही ना, हे तिकिटावर दोनदा पाहा. दोन्ही विमानतळ शहराच्या वेगवेगळ्या टोकांना आहेत. उरलेल्या नोटा बदलून मिळतात, नाणी नाही. ती रेल्वेच्या तिकीटयंत्रात घाला.